मुलीच्या भीतीचं भांडवल करून ४२,४९९ रुपये लुबाडले

शाळेचं नाव काढलं की मुलीच्या पोटात दुखायचं, उलट्या व्हायच्या. सगळे रिपोर्ट नॉर्मल. आमच्या तालुक्यात लहान मुलांचा मानसोपचारतज्ज्ञ नाही, म्हणून ऑनलाइन थेरपी घेतली. यात माझं काय चुकलं? कुठल्याही आईने हेच केलं असतं.

आधी ४९९ रुपयांचं 'असेसमेंट'. मग २४ सेशनचं ४२,००० चं पॅकेज, आजच्या आज. 'उशीर केलात तर मुलगी हाताबाहेर जाईल.' असं घाबरवणारा उपचार करत नसतो, माल खपवत असतो. एवढे पैसे नाहीत म्हटल्यावर 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणत ओटीपी घेतला. ते चक्क माझ्या नावावरचं कर्ज निघालं: ३,५०० रुपयांचे १२ हप्ते. ओटीपी देण्याआधी कर्ज कोण देतंय ते वाचा.

थेरपिस्ट बाईंचा कॅमेरा कायम बंद. त्या म्हणाल्या, "भीती पूर्ण जाईपर्यंत शाळेत पाठवूच नका." तिथेच कळायला हवं होतं! हे वाक्य आठवलं की आजही डोकं भणभणतं. मुलांच्या चिंतेवरच्या सीबीटीत, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या थेरपीत, नेमकं उलटं असतं. ज्याची भीती वाटते त्याला थोडंथोडं सामोरं जायला शिकवतात. टाळत गेलं की भीती मुरते. पण घरी राहून पोर शांत झाली, नीट जेवायला लागली. मला वाटलं, गुण येतोय.

आरसीआय नंबर विचारला तर 'कंपनीच्या पॉलिसीत बसत नाही.' क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजेच आरसीआयकडे, लागते. नंबर देत नाही त्याला रुपयाही देऊ नका. पुढे सेशन रद्द होत गेले, मग फोनच बंद.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली. पोलीस ठाण्यात म्हणाले, "तुम्हीच ओटीपी दिलात, हा दिवाणी मामला." फायनान्स कंपनी म्हणते, सेवेशी आमचा संबंध नाही. बँक म्हणते, हप्ता थांबवला तर सिबिल बिघडेल. वर ठाण्यातले साहेब विचारतात, "एवढ्याशा पोरीला कसलं टेन्शन?" तक्रार घ्यायची नसेल तर नका घेऊ, माझ्या लेकराच्या आजाराची थट्टा कशाला? आणि हप्ता मात्र दर महिन्याला बिनचूक कापला जातो.

मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, २४ तास, मराठीतही. हे मला आधी कोणी सांगितलं नाही.

कर्जाबद्दल रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज करतेय. असंच पॅकेज कोणाच्या गळ्यात मारलं असेल तर कागद, स्क्रीनशॉट जपून ठेवा. ग्राहक आयोगात एकत्र तक्रार करता येते, आणि मला ती करायचीच आहे.