ॲल्युमिनियम पार्टचं वजन: ड्रॉइंगवरून की पाण्यात बुडवून?

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) कोटेशन द्यायचं तर आधी वजन लागतं.

ड्रॉइंगवरून काढायचं तर घनफळ गुणिले घनता. एलएम२५ या ओतकामाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूची घनता २.६८ ग्रॅम प्रति घनसेंमी. २०० × १२० × १० मिमीची प्लेट म्हणजे २४० घनसेंमी, वजन ६४३ ग्रॅम. २० मिमीची चार आरपार भोकं वजा केली की ६०९. सपाट, चौकोनी कामाला एवढं पुरे. रिबा (आधाराच्या पट्ट्या), फिलेट (कोपऱ्यातली गोलाई), ड्राफ्ट (पॅटर्न साच्यातून सुटावा म्हणून दिलेला उतार) आले की आकडा हमखास कमी निघतो. शिवाय ५ मिमीची भिंत ओतताना साडेपाच झाली, तर तिथलं वजन थेट १० टक्के वाढतं.

वेड्यावाकड्या आकाराला पाणीच बरं. वजनकाट्यावर पाण्याची बादली ठेवून काटा शून्य करा. पॅटर्न, म्हणजे साचा बनवायचा पार्टचा नमुना, दोऱ्याने पूर्ण बुडवा. लाकडी असेल तर बारीक सळईने दाबा. तळाला, कडेला टेकू देऊ नका, बुडबुडे झटका. काट्यावर जितके ग्रॅम, तितके घनसेंमी घनफळ. लाकूड रंगवलेलं हवं, नाहीतर ते पाणी पितं. यातून कोअर (पार्टमध्ये पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा) बसवायचे उंचवटे, म्हणजे कोअर प्रिंट, आणि कोअरची पोकळी वजा करायला बरेच जण विसरतात. धातू थंड होताना आकसतो, त्यासाठी पॅटर्नच्या लांबीत १.३ टक्के जादा दिलेले असतात, म्हणून घनफळातून सुमारे ४ टक्के कमी करा. मशीनिंग अलाउन्स (मशीनवर कापून काढायचा जादा थर) मात्र राहू द्या, तो धातू ओतावाच लागतो.

तयार पार्टच बिडाचा (कास्ट आयर्नचा) हाती असेल तर पाणीही नको: वजन भागिले बिडाची घनता ७.२, गुणिले २.६८. ३.६ किलोचा पार्ट ॲल्युमिनियममध्ये १.३४ किलो.