परभणीच्या उन्हाळ्यात टिकणारा रंग: डाय-आय

मेंदूतल्या ठरावीक पेशीच तेवढ्या चमकवायच्या तर बहुतेक जण अँटिबॉडी (ठरावीक प्रथिनाला चिकटणारा रेणू) मागवतात. अ‍ॅस्ट्रोसाइट (मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशी) हव्यात, मग त्यांच्यातल्या जीएफएपी या प्रथिनाची. काम चोख होतं, पण बाटली थंडच राहावी लागते. इकडे परभणीत मे महिन्यात पारा चाळिशीपार, लाईटचा भरवसा नाही आणि कुरिअरच्या डब्यातला बर्फ वाटेतच वितळलेला. आमच्यासारख्या लहान प्रयोगशाळेला डाय-आय (DiI) हा पेशी चमकवणारा रंगच परवडतो, आणि तो मला मनापासून आवडतो.

डाय-आयचे गडद जांभळट-लाल स्फटिक असतात. फ्रीज लागत नाही, फक्त उजेडापासून जपायचे. रेणूला १८ कार्बनच्या दोन लांब शेपट्या. त्या पेशीच्या स्निग्ध आवरणात रुततात. पाण्यात जेमतेम चमकणारा हा रंग तिथे उजळतो आणि आवरणातूनच सरकत अक्षतंतूच्या (चेतापेशीच्या लांब धाग्याच्या) पार टोकापर्यंत जातो. आवरण शाबूत असेल तर शेजारच्या पेशीत सहसा उतरत नाही. पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये (ऊती टिकवणाऱ्या रसायनात) मुरलेल्या मृत ऊतीतही हे चालतं, म्हणून तर त्याचं एवढं कौतुक!

मी विद्यार्थ्यांना कोंबडीच्या १४ दिवसांच्या, असाच मुरवलेल्या भ्रूणावर दाखवते. डाव्या डोळ्यात, दृष्टिचेता (डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी नस) जिथून निघते तिथे, सुईच्या टोकावरचा कणभर स्फटिक टेकवायचा. मग ३७ अंशांवर, अंधारात, काही आठवडे. काप घेऊन हिरव्या प्रकाशात पाहिलं की उजव्या टेक्टमचा (मेंदूतल्या दृष्टीच्या भागाचा) वरचा थर नारिंगी पेटलेला, डावा काळाच. पक्ष्यांत दृष्टिचेतेचे जवळजवळ सगळे तंतू पलीकडच्या बाजूला जातात, हे मग पोरांना वेगळं समजावावं लागत नाही.

उणिवाही सांगते. पेशी कोणत्या जातीची हे डाय-आय ओळखत नाही. तुम्ही जिथे ठेवाल तिथून जाणाऱ्या तंतूंच्याच पेशी रंगतात. स्फटिकाचा चुरा सांडला की भलतेच ठिपके दिसतात. काप अल्कोहोलमधून काढू नका, ट्रायटनही (साबणासारखं रसायन) घालू नका, रंग धुऊन जातो. फार दिवस ठेवलेल्या कापांत तो आजूबाजूला पसरतो, तेव्हा फोटो लगेच काढा.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण वाट पाहायला लावण्याबद्दल कापला. १०० मिलिग्रॅमची बाटली घ्या, एका कॉलेजला कित्येक वर्षं पुरते; आणि विद्राव नको, स्फटिकच मागवा.