गाडीत पाणी येतंय म्हटलं तर म्हणे पुरात होती का

५ पैकी २ स्टार, आणि त्यातला एक सर्व्हिस सेंटरमधल्या वॉशिंगच्या पोरांना. गाडी धुतात मात्र झकास.

गाडी २०२३ च्या पाडव्याला घेतली. शोरूम आणि सर्व्हिस सेंटर दोन्ही रत्नागिरीला, आम्ही चिपळूणचे, म्हणजे जाऊन-येऊन पावणेदोनशे किलोमीटर धरा, आणि सावर्डे ते हातखंबा रस्ता काय लायकीचा होता तेव्हा ते या बाजूच्या माणसाला सांगायला नको. सेल्सवाला मुलगा चांगला होता, डिलिव्हरी वेळेत, पेढे, हार, फोटो सगळं झालं, त्याबद्दल तक्रार नाही.

जुलैत पाऊस धरला आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी शाळेत जायला निघाले तर डाव्या सीटच्या पायाशी मॅट उचलली की खाली कार्पेट पिळून काढावं इतकं ओलं. आधी वाटलं कुणाची तरी छत्री. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवडाभरात वास सुटला, तोच तो न वाळलेल्या गोधडीचा, एसी लावला की अख्ख्या गाडीत घुमायचा. कापूर ठेवला, खायचा सोडा टाकून ब्रशनं घासलं, वर्तमानपत्रं कोंबली, काही उपयोग नाही, अजून चार दिवस तशीच ठेवली असती तर अळंबी उगवली असती.

पहिली फेरी. सर्व्हिस ॲडव्हायजर म्हणाला एसीचा ड्रेन पाइप चोक असेल मॅडम, कॉमन आहे. मी म्हटलं अरे एसी लावलेलाच नाही दोन दिवस, गाडी अंगणात नुसती उभी होती तरी ओलं झालं, मग एसीचं पाणी कसं असेल? तो मान हलवत होता आणि लिहीत होता "एसी ड्रेन क्लिनिंग". हवा मारली, गाडी दिली. घरी येऊन दोन रात्री झाल्या, परत ओली.

दुसऱ्या फेरीला माझा भाऊ सोबत होता. गाडी माझ्या नावावर, चालवते मी, प्रॉब्लेम सांगतेय मी, आणि उत्तरं सगळी भावाला. "सर, दरवाज्याचं रबर बदलून टाकतो." बदललं, वॉरंटीत. आणि मग तो प्रश्न आला, यासाठीच खरं तर हा रिव्ह्यू लिहायला घेतला, "सर, गाडी पुरात होती का?" एमएच-०८ आणि चिपळूणचा पत्ता बघितला आणि साहेबांनी निदान केलं. चिपळूणचा पूर २२ जुलै २०२१ चा. गाडी त्यांनीच विकलेली २०२३ ची, तारीख त्याच्याच स्क्रीनवर. भाऊ काही बोलायच्या आत मीच म्हटलं, हो होती, फॅक्टरीतून पोहत आली. हसला नाही तो. पुराचं असेल तर वॉरंटी बसणार नाही हे मात्र जाता जाता ऐकवलंच.

तिसऱ्या वेळी पुढच्या काचेला कडेनं काळा सीलंट फासला, इतका गचाळ की नवीन गाडी ॲक्सिडेंटची वाटायला लागली. नंतर पाऊस ओसरला, दिवाळी झाली, गाडी कोरडी. कंपनीच्या कॉल सेंटरवरून फोन, मॅडम प्रॉब्लेम सॉल्व्ह झाला ना, १० पैकी १० द्या. अहो नोव्हेंबरात पाणी येईल कुठून!

२०२४ चा जून उजाडला आणि पहिल्या मोठ्या पावसाला पुन्हा तेच. या वेळी चार दिवस गाडी ठेवून घेतली. त्यांची वॉटर टेस्ट म्हणजे वॉशिंग बेमध्ये सपाट लादीवर गाडी उभी करून वरून दहा-पंधरा मिनिटं पाइपनं पाणी. आत थेंब नाही. जॉबकार्डवर शिक्का, नो ट्रबल फाउंड. शिवाय बिलात केबिन एअर फिल्टर, कारण काय तर "ओला होता, बुरशी होती". हा फिल्टर आदल्या वर्षीही याच कारणासाठी बदलला होता, दोन्ही बिलं माझ्याकडे आहेत. ग्लोव्हबॉक्सच्या मागे बसणारा फिल्टर दोनदा भिजलेला हातात आला आणि एकालाही प्रश्न पडला नाही की हा भिजतो कशानं. वॉरंटीत नाही बसत म्हणून पैसे मात्र घेतले.

मग मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार टाकली. त्यानंतर कंपनीच्या एरिया मॅनेजरचा फोन आला, खूप गोड बोलला, निष्पन्न काय तर पुन्हा एक वॉटर टेस्ट करू. जिल्हा ग्राहक आयोगात जायचं पण डोक्यात होतं, ५ ते १० लाखाच्या वस्तूला फी फक्त २०० रुपये आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते एवढं माहिती काढून ठेवलं होतं. पण तारखांना कोण जाणार. ज्यांना जायचंय त्यांनी एक करा, जॉबकार्डवर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या, "एसी बंद असताना, पावसात उभ्या गाडीत" असं. माझ्या पहिल्या दोन कार्डांवर नुसतं "वॉटर चेक" आहे, त्यावरून कुणाला काय कळणार.

गणपतीच्या आधी हॉर्न बंद पडला म्हणून बहाद्दूरशेख नाक्याजवळच्या एका गॅरेजात गेले. तिथले चाचा वयस्कर, दार उघडल्याबरोबर नाक वर करून म्हणाले, बाई, पाणी येतंय काय आत? सगळी रामकहाणी सांगितली. त्यांनी विचारलं, घरी गाडी लावता कुठं?

चार फेऱ्यांत हे कुणी विचारलं नव्हतं. लावते चिंचेखाली. आणि आमचं अंगण जांभ्याचं, पऱ्ह्याच्या (ओढ्याच्या) बाजूला म्हणजे गाडीच्या डावीकडे उतरतं.

चाचांनी वायपरचे दांडे काढले, काचेखालची प्लॅस्टिकची जाळी (काऊल म्हणतात तिला) उचलली. खाली जी पन्हळ असते, पावसाचं पाणी काचेवरून उतरून तिच्यात येतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून बाहेर जातं, तिच्यात डाव्या बाजूला चिंचेचा पाला कुजून काळं खत झालेलं. ओंजळभर निघालं. चिंचेचं पान एवढंसं, जाळीतून सरळ खाली जातं. डावं भोक ठार बंद. आणि एसीच्या ब्लोअरला बाहेरची हवा घ्यायचं तोंडही डावीकडेच, त्याच पन्हळीत. घरी गाडी डावीकडे कललेली, पाणी तिथं साचायचं, साचून तोंडाच्या वर गेलं की ब्लोअरमध्ये, फिल्टर भिजवून डाव्या पायाशी. सर्व्हिस सेंटरच्या सपाट लादीवर तेच पाणी उजव्या भोकातून निघून जायचं, म्हणून त्यांची टेस्ट दर वेळी पास. चाचांनी मला दोन तांबे पाणी ओतून दाखवलं, चाकामागून सुर्रकन खाली. पाऊण तास आणि ३०० रुपये, त्यात हॉर्नही आला.

त्यांना कळायला अवघड होतं का? जाळी काढायला दोन नट आणि काही लॉक. पण तिथे मेकॅनिक गाडीवाल्याशी बोलतच नाही, बोलतो तो ॲडव्हायजर, त्याच्यासमोर कॉम्प्युटर आणि वीस गाड्या, आणि पाणी येतंय म्हटलं की रबर, सीलंट, ड्रेन. बाकी ऑइल, ब्रेक, रेग्युलर सर्व्हिसिंग वेळेत करून देतात, दुसरा स्टार त्याचा.

त्यानंतरचा एक अख्खा पावसाळा गाडी कोरडी गेली. वास थोडा अजून आहे, कार्पेटखालचा फोम पूर्ण वाळला नसणार. गेल्या सर्व्हिसिंगला गेले तेव्हा ॲडव्हायजर नवीन होता, त्याला म्हटलं काचेखालची जाळी काढून पाला साफ करून द्या, हे हे झालं होतं. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं, हो मॅडम म्हणाला, आणि एस्टिमेटमध्ये "काऊल क्लिनिंग, ६५० रुपये" अशी ओळ टाकली.