दर्यापूरचं जर्सीचं दुकान: कापड झकास, स्टिकर कच्चा

दुकानाचं नाव लिहीत नाही. मालकाशी माझं भांडण नाही आणि पुढच्या हंगामात पुन्हा त्याच्याकडेच जायचं आहे.

आमच्या गावाच्या टेनिस बॉल टीमसाठी १४ जर्सी करून घेतल्या. एक जर्सी २८० रुपये, छातीवर गावाचं नाव त्यातच. पाठीवर नाव-नंबर पाहिजे असेल तर ४० रुपये वेगळे. कापड डॉट निटचं, अंगाला चिकटत नाही, काखेतली शिलाई दुहेरी. माप चुकलं ते फक्त विकेटकीपरचं, पण त्याचं पोट मोजल्यापासून दोन आठवड्यांत वाढलं असंही असू शकतं. बुधवारचा वायदा होता, माल हाती पडला शुक्रवारी रात्री. शनिवारी सकाळी सामना. "भाऊ, तुमाले कापूस वेचाले माणसं भेटत नाही, तसे मले शिवाले भेटत नाही," म्हणाला. यावर मी काय बोलणार?

गंमत झाली पाठीवरच्या नावांवरून. पोरांनी आपापली आडनावं टाकली, चौघांनी कोहली. आमच्या डावखुऱ्या फास्ट बॉलरनं चिठ्ठीवर लिहिलं 'नेत्रवलकर'.

मालक थांबला. "लिहून तं देतो, पण हा अमेरिकेचा होय नं? निळ्या जर्सीवर काहून?"

बाकावर शाळेचे युनिफॉर्म घ्यायला आलेले एक काका होते. ते उसळले, "अमेरिकेचा कसा? मुंबईचा मराठी पोरगा होय थो!"

अर्धा तास तेच चाललं. खरं म्हणजे दोघांचंही बरोबर होतं. सौरभ नेत्रवलकर मुंबईत जन्मला, २०१० चा १९ वर्षांखालचा विश्वचषक भारताकडून खेळला, मुंबईकडून रणजी खेळला, आणि २०१५ ला शिकायला अमेरिकेत गेला. ६ जून २०२४ ला टी-२० विश्वचषकात डलासला त्यानं अमेरिकेकडून पाकिस्तानविरुद्धची सुपर ओव्हर टाकली आणि अमेरिका जिंकली, तेव्हा आमच्या पारावर तो 'आपला पोरगा' होता. १२ जूनला न्यूयॉर्कला भारताविरुद्ध त्यानं कोहलीला पहिल्याच चेंडूवर आणि रोहितला ३ धावांवर काढलं. त्याच पारावर एकानं टाळी वाजवली, तर बाकीच्यांनी त्याच्याकडं असं पाहिलं जणू त्यानं धुऱ्यावरची काडी पेटवली.

मी अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलो. मंडळाचं पथक १९३६ ला बर्लिन ऑलिंपिकला देशी खेळ दाखवायला गेलं होतं, हे तिथं प्रत्येकाला ठाऊक असतं. त्याच ऑलिंपिकची मॅरेथॉन सोन की-चुंग या कोरियन माणसानं जिंकली. कोरियावर तेव्हा जपानचं राज्य, म्हणून छातीवर जपानचा झेंडा आणि नावही जपानी उच्चाराचं, सोन कितेई. पदक घेताना तो मान खाली घालून उभा होता, हातातल्या रोपानं छातीवरचा झेंडा झाकून. कोरियातल्या एका वर्तमानपत्रानं फोटोतून तो झेंडाच पुसला, तर पेपर बंद पाडला गेला. ऑलिंपिकच्या नोंदीत ते सुवर्ण आजही जपानचंच आहे. नेत्रवलकर स्वतःहून गेला, सोनला कुणी विचारलंच नाही. दोघांना एका मापानं मोजू नये, एवढं मी त्या काकांना सांगून पाहिलं. त्यांना मापाचं वेगळंच पडलं होतं, नातवाची पॅन्ट आखूड झाली होती.

आता शनिवार. सामने गाववार, म्हणून समिती आधार कार्ड पाहते. आमच्या बॉलरचं आडनाव उईके, आधारवर पत्ता मध्य प्रदेशातल्या बैतूलचा, पाठीवर नेत्रवलकर. समोरच्या टीमनं बोंब मारली, "बाहेरचा पोट्टा आणला!" त्याचे आईबाप २० वर्षांपूर्वी कापसाच्या जिनिंगवर कामाला आले, तो इथंच जन्मला, आमच्या जिल्हा परिषद शाळेत शिकला, शिव्यासुद्धा वऱ्हाडीतच देतो. मी म्हटलं, आयसीसी जन्म, नागरिकत्व किंवा तीन वर्षांचं वास्तव्य, यातलं एक असलं तरी खेळू देते. समितीवाले म्हणाले, "आयसीसीले इथं कोन विचारते?" मग मी उमेश यादव काढला. वडील उत्तर प्रदेशातून आपल्या नागपूरजवळच्या वलनीच्या कोळसा खाणीत आले, पोरगा २०११ ला विदर्भाचा पहिला कसोटीपटू झाला. त्याला बाहेरचा म्हणता का? त्यावर कुणी बोललं नाही, पण खेळू दिलं ते उमेशमुळे नाही. शाळेचा दाखला मोटारसायकलवर जाऊन आणला, त्यावर जन्मठिकाण आमचं गाव, म्हणून.

चार ओव्हरमध्ये तीन विकेट.

तक्रार आता. पाठीवरचं नाव तो गरम प्रेसनं चिकटवतो. आमचा खारपाणपट्टा, जमिनीतलं पाणीच खारट; बोअरच्या पाण्यात तिसऱ्या धुण्याला 'ने' निघाला. आता पोरगा 'त्रवलकर' आहे आणि गावात त्याला तेच नाव पडलं. छातीवरचं गावाचं नाव कापडातच छापलेलं, त्याला काही झालं नाही. तेव्हा जाल तर पाठीवरचंही तसंच छापून मागा, ६० रुपये जास्त घेतो. पाचपैकी साडेतीन. बिल मागितल्याशिवाय देत नाही, आणि सोमवारी दुकान बंद.