घरगुती बिअर: १ गॅलनचा घाणा की ५ गॅलनचा?

अमेरिकेत घरी बिअर करणाऱ्याने एका वेळी ५ गॅलन, म्हणजे सुमारे १९ लिटर बिअर करावी असा जणू दंडकच आहे. बहुतेक कृती त्याच मापात लिहिलेल्या असतात आणि कोरड्या यीस्टचे साडेअकरा ग्रॅमचे पाकीटही त्याच बेताचे असते. १९७८ च्या संघीय कायद्यानुसार एकट्या प्रौढाला वर्षाला १०० गॅलनपर्यंत मुभा असल्यामुळे त्या बाजूने कोणतेच माप अडत नाही. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणे गुन्हा आहे, त्यामुळे ही तुलना अमेरिकेतल्या मंडळींपुरतीच.)

वेळेच्या हिशेबात मोठा घाणा उघडच सरस आहे. मॉल्ट (मोड आणून वाळवलेले बार्ली) गरम पाण्यात मुरवायला तासभर आणि हॉप्ससह (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांसह) उकळायला तासभर, हे दोन्हीकडे सारखेच. शेवटी मात्र एकीकडे पन्नासेक बाटल्या हाती येतात आणि दुसरीकडे जेमतेम नऊ-दहा. त्यातूनही हायड्रोमीटरसाठी (द्रवाची घनता मोजण्याच्या उपकरणासाठी) काढलेला नमुना आणि तळाचा गाळ वजा होतो, तेव्हा जीव हळहळतो.

तरीही माझ्यापुरता निर्णय झाला तो वर्ट, म्हणजे मॉल्ट मुरवून मिळालेला गोड अर्क, निववण्यावरून. उकळलेला वर्ट यीस्ट घालण्याआधी साधारण २० अंश सेल्सिअसपर्यंत आणावा लागतो, आणि तो जितका वेळ कोमट राहील तितकी नको त्या जिवाणूंना संधी मिळते. १ गॅलनचे पातेले सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात ठेवले की बाकीची भांडी आवरेपर्यंत ते निवते. ५ गॅलनसाठी तांब्याच्या नळीचे वेटोळे वर्टमध्ये सोडून त्यातून नळाचे पाणी खेळवावे लागते, आणि आमच्या न्यू जर्सीत ऐन उन्हाळ्यात ते पाणीच इतके कोमट येते की वर्ट पंचविशीच्या वर कुठेतरी अडून बसतो आणि तोवर बादल्यांमागून बादल्या पाणी वाहून गेलेले असते. शिवाय अपार्टमेंटमधील नळाला ती नळी नीट बसेलच याची खात्री नसते, आणि विजेच्या शेगडीवर एवढा वर्ट खळखळून उकळायला लागेपर्यंत अर्धी दुपार सरते. इतरांना याचा एवढा जाच होत नसेलही.

छोट्या घाण्यात प्रयोगाचीही मोकळीक आहे. कोकम घातलेली आंबट बिअर मनासारखी उतरली नाही, तरी नऊ बाटल्या संपवता येतात. पन्नास संपवणे कठीण. काटा मात्र ग्रॅमपर्यंत अचूक हवा, कारण बाटलीत फेस धरण्यासाठी अख्ख्या घाण्याला २०-२५ ग्रॅमच साखर लागते आणि ती जास्त पडली तर बाटल्या फुटू शकतात. यीस्टचे उरलेले पाकीट घट्ट बंद करून फ्रीजमध्ये ठेवावे.

ज्यांच्याकडे गॅरेज आणि बाहेर वापरायचा प्रोपेन बर्नर आहे, आणि ज्यांची एक आवडती कृती ठरून गेली आहे, त्यांनी ५ गॅलनच करावे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. इतरांनी १ गॅलनची काचेची बरणी घ्यावी. पातेले तेवढे किमान २ गॅलनचे असावे, कारण उकळी फुटताना फेस झपाट्याने काठापर्यंत चढतो.