लांब धनुष्यासाठी धामण की बांबू?

आपल्या उंचीइतकं, एकसंध धनुष्य घरी करायचं म्हटलं की विदर्भात प्रश्न दोन गोष्टींवर येऊन थांबतो: धामणीच्या झाडाचं लाकूड की बांबू. लांब धनुष्यासाठी नावाजलेलं यू या झाडाचं लाकूड आपल्याकडे नाही. १५४५ मध्ये बुडालेलं ‘मेरी रोज’ हे इंग्लंडचं युद्धजहाज १९८२ मध्ये वर काढलं. त्यातून निघालेली शंभरावर धनुष्यं यूचीच होती. त्या लाकडाचा बाहेरचा पांढरा भाग ताण सोसतो, आतला लालसर भाग दाब. एकाच फाळीत दोन्ही कामं! आपल्याला तडजोड करावी लागते.

बांबू मिळायला सोपा. २०१७ मध्ये कायदा बदलला, तेव्हापासून वावराच्या धुऱ्यावरचं (बांधावरचं) बेट तोडायला परवाने मागत फिरावं लागत नाही. त्याची सगळी ताकद सालीलगत, म्हणून साल पाठीकडे, म्हणजे लक्ष्याकडच्या बाजूला ठेवायची आणि तासायचं ते पोटाकडून, म्हणजे आपल्याकडच्या बाजूनं. पाठीवरच्या गाठी रंध्यानं सपाट केल्या की तिथूनच चिरलं समजा. घ्यायचा तर भरीव बांबू घ्या, पोकळात तासायला काही उरत नाही. बुडाकडे जाड नि शेंड्याकडे बारीक, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या वाकवणं जिकिरीचं. हे सगळं मी चालवून घेतलं असतं.

भुंगा मात्र नाही. बांबूतल्या पिठूळ अंशावर तो जगतो. थंडीत तोडलेला बांबू बोडीत (छोट्या तळ्यात) काही आठवडे बुडवून ठेवला की त्रास कमी होतो, हे खरं. तरीही एखाद्या सकाळी खुंटीखाली रांगोळी सांडल्यासारखी पिवळी भुकटी दिसतेच. मग बोट फिरवत टाचणीच्या डोक्याएवढं भोक शोधत बसा. ते मुठीजवळ असलं तर ठीक. वाकत्या भागात असलं तर दोरी पूर्ण ओढायची हिंमत होत नाही, कारण मोडलं तर ते तोंडासमोरच मोडणार. आत आणखी किती पोखरलंय हे वरून कळत नाही, आणि मला नेमकं तेच सोसवत नाही.

धामण कुऱ्हाडीच्या दांड्यामुळे सगळ्यांच्या ओळखीची. सरळ रेषेचं खोड मिळणं अवघड, आणि झाड धुऱ्यावरचं असलं तरी तोडण्याआधी वनरक्षकाला विचारलेलं बरं. फाळी काढून, टोकांना ऑइलपेंट किंवा शेण लावून वर्षभर सावलीत ठेवाव्या लागतात. मे महिन्याच्या उन्हात राहिल्या तर टोकापासून चिरा पडतात. पावसाळ्यात दोरी उतरवली तरी धनुष्य थोडं वाकलेलंच राहतं, ओढही मऊ पडते. जवसाचं तेल चोळून फरक पडतो, पूर्ण जात नाही. कीड हिच्या पांढऱ्या भागालाही लागू शकते, पण माझ्याकडच्यांना तरी अजून लागलेली नाही.

खरी मजा बाक बसवताना. धनुष्य खुंटीवर आडवं टेकवायचं, दोरी खाली ओढायची, लांब उभं राहून बघायचं. जिथं ताठ दिसेल तिथं पोटाकडून कानशीचे चार हात, मग पुन्हा ओढायचं. शेवटी काचेच्या तुकड्यानं खरवडलं की कागदासारखे पापुद्रे निघतात. धामणीत जाडी हाताशी असते, घाई होत नाही. पाठीवरचा लाकडाचा धागा मात्र कुठं तुटू द्यायचा नाही.

येत्या महिन्यातच बाण सोडायचा असेल तर बांबू घ्या, हात बसेल. पण त्याच आठवड्यात धामणीच्या दोन फाळीही सावलीला टाकून ठेवा.