पेज गेलं, ४९,४५० रुपये गेले, आणि वर अक्कल शिकवणारे भेटले ते वेगळेच

एकूण ४९,४५० रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो कारण भेटेल तो पहिलं तेच विचारतो, किती गेले रे, आणि मग असं तोंड करतो की जणू त्याचे गेलेच नसते. ओटीपी कुणाला देऊ नये वगैरे मला पण माहितीय. झेरॉक्स-रिचार्जचं दुकान आहे माझं, काउंटरवर येणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना मीच रोज सांगतो. तरी 'तुमच्या पेजवर कॉपीराइटची तक्रार आहे' अशा खोट्या मेसेजला फसून माझं सोशल मीडियावरचं पेज न् पैसे गेले. ज्यांची व्हायरल व्हिडिओची, गावाकडच्या बातम्यांची, चित्रविचित्र फोटोंची पेजं आहेत त्यांच्यासाठी खास लिहितोय, कारण ही टोळी आपल्यासारख्यांनाच धरून चाललीय.

पेज माझं कृष्णाकाठचं. नदीत मगर दिसली, कुणाच्या गोठ्यात दोन तोंडांचं वासरू झालं, शर्यतीतली बैलजोडी लोकांत घुसली, ऊसतोडीत बिबट्याची पिल्लं सापडली, असलं सगळं. २०१९ च्या महापुरात सुरू केलेलं. त्या पुरात घराच्या छपरावर चढून बसलेल्या मगरीचा व्हिडिओ आठवत असेल बघा. आमच्याकडच्या ग्रुपांवर सांगलीचा म्हणून फिरत होता, होता बेळगाव जिल्ह्यातल्या रायबाग तालुक्यातला. मी तिकडच्या पाव्हण्याला फोन करून खात्री केली आणि रायबागचा म्हणूनच टाकला, लाइक कमी आले तरी चालतील म्हटलं. सांगायचा मुद्दा, आलं की ढकल पुढं असला माणूस मी नव्हे. ६२ हजार फॉलोअर काय उगाच नाय झाले. आजूबाजूचे सराफ, मिठाईवाले, मंगल कार्यालयवाले जाहिराती द्यायचे, त्या बूस्ट करायला, म्हणजे पैसे भरून जास्त लोकांना दाखवायला, क्रेडिट कार्ड जोडून ठेवलेलं. सगळ्यांचंच असतं.

आता मेसेज. ॲडमिशनचे दिवस, दुकानात दाखल्यांच्या झेरॉक्सला ही रांग, आणि पेजच्या इनबॉक्सला आलं की तुमच्या एका व्हिडिओबद्दल कॉपीराइटची तक्रार आहे, २४ तासांत अपील केलं नाही तर पेज कायमचं बंद. पाठवणाऱ्याचं नाव कंपनीच्या कुठल्यातरी विभागासारखं, लोगो तोच, खाली लिंक. आणि नेमकं त्याच्या आधी मला खरोखरची एक कॉपीराइट तक्रार येऊन गेलेली, बिबट्याच्या पिल्लांच्या व्हिडिओवरनं, एका चॅनलवाल्याची. मग का नाही विश्वास बसणार? आपण निम्मे व्हिडिओ दुसऱ्यांचेच टाकतो, कबूल कुणी करत नाही, पण ही भीती पोटात कायम असती आणि चोरांनी बरोबर तिथंच बोट घातलं.

लिंक उघडली, फॉर्म आला. पेजचं नाव, मोबाईल, ईमेल, पासवर्ड. माझा पासवर्ड उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेला. वही काढली, एकेक अक्षर बघून टाकला, डोळ्याचं चिन्ह दाबून परत वहीशी ताडून पण बघितला. बरोबर होता. आणि स्क्रीनवर लाल अक्षरात आलं, पासवर्ड चुकीचा आहे. हीच ती जागा. रोज रात्री तीच आठवती आणि झोप उडती. माझ्या डोळ्यांसमोर बरोबर पासवर्ड आहे, अक्षर न् अक्षर जुळतंय, आणि समोरचा म्हणतोय चुकीचा, म्हणजे खोटं कोण बोलतंय? मी काय केलं, तर बोटालाच दोष दिला आणि तोच पासवर्ड परत टाकला. आता लगेच घेतला! हे लोक पहिल्यांदा मुद्दाम चुकीचा दाखवतात, दोनदा सारखाच आला की त्यांची खात्री पटते. हे मला नंतर कळलं. पण पुढं सहा पोरं दाखले घेऊन उभी, एक बाई म्हणती दादा माझी बस जाईल, अशा गडबडीत कुणाला सुचतंय हे? तुम्हाला सुचलं असतं तर शाबास तुमची.

मग सहा आकडी कोड आला तो पण टाकला. 'तुमचे अपील तपासले जात आहे, हे पान बंद करू नका' असं आलं आणि गोल गोल फिरत राहिलं, आणि मी येडा खरंच ते पान उघडं ठेवून झेरॉक्स काढत बसलो. तेवढ्यात त्यांनी आत शिरून दुसरा ॲडमिन टाकला न् मला काढलं. लिंकचा पत्ता बोट ठेवून वाचला असता तर शेवट भलतंच काहीतरी होतं, आणि मेसेज पाठवणाऱ्या पेजवर नुसतं टिचकी मारलं असतं तर दिसलं असतं की ते पेज त्याच दिवशी नव्यानं सुरू केलेलं. दोन्ही मी नंतर बघितलं. खऱ्या नोटिसा इनबॉक्सला गप्पा मारायला येत नाहीत, ॲपच्या सेटिंगमध्ये सपोर्ट इनबॉक्स असतो तिथंच दिसतात. तिथं नसलं तर समजून जा.

संध्याकाळी दुकान बंद करताना बँकेचे मेसेज. १४,८००. मग १४,९५०. कस्टमर केअरचं 'हे दाबा, ते दाबा' चालू असतानाच आणखी ९,२००. एकदाही ओटीपी आला नाही, कार्ड आधीच जोडलेलं ना. ३८,९५० च्या जाहिराती माझ्या पैशानं चालल्या, कुठल्यातरी परदेशी चपलांच्या, आणि पेजवर असले व्हिडिओ सुरू झाले की मामीचा फोन आला, "अरे काय लावलंयस तू हे? ह्यांच्या समोर उघडलं की मी!" मामी साठीची. त्या वेळी पैशापेक्षा ते जास्त लागलं. भावकीत तर आजपण निम्म्यांना वाटतं की ते मीच टाकत होतो न् पकडला गेल्यावर हॅकचं नाव पुढं केलं.

बँकेत गेलो. साहेब म्हणे तुम्हीच ओटीपी दिलाय, आम्ही काय करणार. अहो, मी जो कोड दिला तो पेजचा, बँकेचा नव्हे! कार्डाचा नंबर नाही, पिन नाही, बँकेचा ओटीपी तर आलाच नाही. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ ला निघालेलं परिपत्रक, अनधिकृत व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी किती त्याचं, प्रिंट काढून घेऊन गेलो, प्रिंटर माझाच आहे. साहेबानं वाचलं पण नाही, ड्रॉवरमध्ये टाकलं. तुम्ही जाल तेव्हा तोंडी काही बोलू नका, लेखी अर्ज द्या न् पोच म्हणून शिक्का घ्या, ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार करता येते. माझी केलेली आहे. चालू आहे, म्हणजे काय ते तुम्ही समजून घ्या.

पोलीस ठाण्याचं तर विचारू नका. हवालदार म्हणाले, "पेज गेलं तर नवीन काढा की, त्याला काय पैसे पडतात का?" पैसे गेलेत म्हटल्यावर, "मग बँकेत जावा." बँक म्हणती पोलिसात जा. आयटी ॲक्टचा गुन्हा म्हणजे तपास पीआय म्हणजे पोलीस निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा असतो, त्यामुळं जाईन तेव्हा एकच उत्तर, साहेब बंदोबस्ताला गेलेत. कधी मंत्री, कधी यात्रा, कधी मोर्चा. आणि हेच ठाणं बरं का, निवडणूक लागली किंवा कुठं दगड भिरकावला गेला की आम्हा पेजवाल्यांना न् ग्रुप ॲडमिनला तासाभरात बोलवून घेतं. गुन्हा घडू नये म्हणून आधीच ताकीद द्यायची ती नोटीस, पूर्वी कलम १४९ ची, आता नव्या कायद्यात १६८ ची. २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पोरं पळवणारी टोळी समजून पाच जणांना जमावानं ठार मारलं, कशावरनं तर व्हॉट्सॲपवरच्या अफवांवरनं, तेव्हापासून आम्ही रडारवर. ते बरोबरच आहे, माझी तक्रार नाही. पण मी काही टाकलं तर ॲडमिन म्हणून जबाबदार मी, आणि माझंच पेज पळवलं तर 'नवीन काढा की'? हा कुठला न्याय?

ज्या ॲपवर पेज होतं त्या कंपनीत तर माणूसच नाही. जिथं लिहावं तिथं मशीनचं उत्तर. कायद्यानं त्यांना तक्रार अधिकारी ठेवावा लागतो, तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी लागते, पोच आली, झालं. तिथं दाद नाही मिळाली तर २०२३ पासून केंद्र सरकारची तक्रार अपील समिती आहे, तिथं ३० दिवसांच्या आत ऑनलाइन अपील करा, हे ठाण्यातल्या एकानं पण सांगितलं नाही.

आता हे सांगायला खरं तर लाज वाटती. पेज हॅक झालं म्हणून मी दुसऱ्या खात्यावरनं पोस्ट टाकली तर खाली लगेच कमेंटा, माझं पण गेलेलं, अमुक भावानं एका दिवसात काढून दिलं. त्या भावाला मेसेज केला. आधी ३,५०० मागितले, मग म्हणे सर्व्हरच्या टूलचे ७,०००. क्यूआर स्कॅन केला तर नाव आलं कुठल्यातरी किराणा स्टोअरचं. हॅकर किराणा विकतो का, एवढा पण विचार डोक्यात आला नाही, कारण बाकी सगळीकडनं हाकलून दिलेलं आणि हा एकटाच 'हो जी दादा' करून बोलत होता. १०,५०० घेऊन ब्लॉक. कमेंटा करणारे सगळे त्याचेच. पेज परत आणून देतो म्हणणारा कुणीही असो, चोरच.

कार्ड जोडलेलं असेल तर आजच काढा, नाहीतर त्याची ऑनलाइन लिमिट दोन हजारावर आणा. पेजला घरातला दुसरा ॲडमिन ठेवा. पैसे गेले की आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन, लगेच, त्याच घटकेला, मग बाकीच्यांशी भांडा, सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन वर पण तक्रार टाका न् नंबर लिहून ठेवा. स्क्रीनशॉट काढल्याशिवाय काही डिलीट करू नका, मी रागात तो पहिला मेसेज उडवून टाकला आणि नंतर सगळ्यांनी तोच मागितला.

जुनं पेज अजून चालूय, नाव बदललंय पण फोटो मगरीचाच आहे. फॉलो करत असाल तर काढून टाका, जमलं तर रिपोर्ट करा. परवापासून तिथून इकडच्या दुसऱ्या पेजवाल्यांना 'तुमच्या पेजवर कॉपीराइटची तक्रार आहे' असे मेसेज जायला लागलेत, दोघं जण माझ्या दुकानात येऊन भांडून गेले. ते मी पाठवत नाही.